भुंगा

कुरिअरवाल्यानं पाकीट कानाशी हलवून विचारलं,
ताई, ह्यात काय, बेंटेक्स?
मी म्हटलं, तसलंच.
हुपरीच्या माणसाला एवढं खोटं माफ असतं.

ताटात ओतलं.
चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर,
जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर, डोक्यावर पत्र्याची टोपी,
माझ्याहून वयानं मोठे.
नारिंगी, नारिंगी, नारिंगी: तेहतीस हजार.
पिवळं, जांभळं, तपकिरी: चारशे सत्तर.
तांदळाएवढ्या अंगावर केवढ्या बांगड्या!

आमच्यात ह्याला डाग देणं म्हणतात.
तेरा वर्षं मी पैंजणांच्या कड्यांना डाग दिले.
आत्या म्हणायची, डाग दिसला की तो डागच.
पण चांदीला फुंकर लागते,
कथलाला घाई.
हात ऐकेना.

हे सगळं खालच्या मजल्यावरच्या समुद्रेमामांसाठी.
येशुदास समुद्रे, ऑर्केस्ट्रा चांदणी, लीड गिटार.
अठ्ठ्याहत्तर साली मिरजेच्या दवाखान्यातला एक गोरा डॉक्टर
मायदेशी जाताना त्यांना एक डबी देऊन गेला.
लाल, गोल, भाकरीएवढी.
पायानं दाबली की गिटार गुणगुणायची थांबून
गुरगुरायला लागे.
कोंगोवाल्या बाबालालनं नाव ठेवलं: भुंगा.
वैशाखातल्या जत्रांना मामा तिला
ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचे, विड्याच्या पानांसारखी.
तापली तर घसा बसतो तिचा, म्हणायचे.

मग गडहिंग्लजला कार्यक्रमानंतर
कुणीतरी जेवणाचा डबा समजून उचलली.
कुणाच्या तरी माळ्यावर असेल अजून.
झाकण सापडत नाही म्हणून
टाकूनही दिली नसेल.

माझी डबी चौकोनी. कोरी.
भोकं पाडायला उद्यमनगरात गेले.
पंपाच्या बॉड्यांच्या ढिगाआडून रमजान म्हणाला,
पाच भोकांसाठी मशीन लावू?
लावलं.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, वर भजी.

पहिल्या रात्री वायर जोडली, गिटार मामांच्या मांडीवर,
आणि डबीतून बाई बोलली:
सांगली आकाशवाणी. गुळाचे सौदे.
कोल्हापुरात आवक इतकी इतकी, दर इतका.
मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
भाव बरा हाय की, म्हणाले, आणि जेवायला गेले.

दोन रात्री भिंगाखाली उलटी धरून बसले.
सापडला.
जमिनीच्या तारेवरचा एक डाग,
राखेच्या रंगाचा, थंड पडलेला.
धरल्यासारखा करत होता, धरला नव्हता.
आत्या असती तर बोलली नसती,
नुसतं पैंजण परत माझ्या पुढ्यात ठेवलं असतं.

पुन्हा तापवला. घाईनं.

आता आवाज आला. जाड, भरघोस.
माझा ऊर भरून आला, रमजानला फोन लावणार होते,
तेवढ्यात मामा म्हणाले,
ह्यो न्हवं त्यो.
मी गप्प.
ह्यो लई धडधाकट हाय. जिम करतंय जणू.

बराच वेळ तारेवर बोट नुसतं फिरवत राहिले.
मग आठवून आठवून सांगितलं,
सेल परवडायचा नाही तेव्हा.
एक सेल सहा महिने.
जत्रेत दुसऱ्या अंकाला तो मरणाला टेकलेला असायचा.
त्याच्यावरच वाजवलंय सगळं.

माझ्या टेबलावर मीटर होता.
महिनाभर त्याच्या काचेवर रिकाम्या सेलची खूण लुकलुकत होती,
मी दुर्लक्ष करत होते.
मामांनी त्याचं पाठचं झाकण नखानं उघडलं,
सेल काढला, जिभेला लावून पाहिला,
हसले.

नवा काढून हा घातला.

एकच सूर.
उठताना जरा अडखळला,
मग घसा खरवडत वर गेला,
आणि खाली येताना मध्येच तुटला, पुन्हा धरला,
बरण्यांच्या झाकणांना भिनभिन लागली.
मामांनी डोळे मिटले नाहीत.
डबीकडे बघत होते, पळून जाईल असे.

मी सवयीनं मीटर उचलला,
अजून किती व्होल्ट उरलेत बघावं म्हणून.
काच कोरी.
त्याचाच तर सेल होता.